गुणात्मक संशोधन

गुणात्मक संशोधन ही माणसांचे अनुभव, समजुती, वर्तन आणि परस्परसंबंध यांचा अर्थ त्यांच्या बोलण्यातून, कृतींतून व परिसरातून समजून घेणारी संशोधनपद्धती आहे. समाजशास्त्र, मानवशास्त्र, लोकसाहित्य, शिक्षणशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, इतिहास आणि विकास अभ्यास या क्षेत्रांत तिचा वापर होतो. मुलाखत, निरीक्षण, गटचर्चा आणि दस्तऐवजांचे वाचन ही तिची प्रमुख साधने होत. एखादी गोष्ट किती प्रमाणात घडते हे मोजण्यापेक्षा ती कशी घडते, का घडते आणि संबंधित माणसे तिला कोणता अर्थ देतात, याचा शोध या पद्धतीत घेतला जातो.

नमुना निवड आणि सहभागींविषयीची नैतिकता ही या पद्धतीची दोन महत्त्वाची अंगे आहेत. पाठ्यपुस्तकांत ती बहुधा स्वतंत्र प्रकरणांत मांडली जातात. प्रत्यक्ष क्षेत्रकार्यात मात्र ती एकमेकांत गुंतलेली असतात. कोणाला बोलते करायचे हे ठरवतानाच, बोलल्याबद्दल त्या व्यक्तीला काय सोसावे लागू शकेल, हेही बऱ्याच अंशी ठरून जाते. जेथे सर्व जण एकमेकांना ओळखतात अशा लहान गावात हे विशेष जाणवते. म्हणून या लेखात महाराष्ट्रात झालेल्या अभ्यासांच्या दाखल्यांबरोबरच, परभणी जिल्ह्यातील चारठाणा या गावात करता येईल अशा एका कल्पित अभ्यासाचे उदाहरण तत्त्वे स्पष्ट करण्यासाठी घेतले आहे.

स्वरूप

संख्यात्मक संशोधनात प्रश्नावली आधी तयार होते आणि उत्तरांची गणना नंतर होते. गुणात्मक संशोधनात प्रश्न क्षेत्रकार्याबरोबर घडत जातात. पहिल्या चार मुलाखतींत एखादी अनपेक्षित गोष्ट पुढे आली, तर पाचव्या मुलाखतीत तिच्याविषयी विचारले जाते. ही लवचीकता शिस्तीला सोडून नसते. प्रश्न केव्हा बदलला आणि का बदलला, याची लेखी नोंद ठेवणे हा त्या शिस्तीचाच भाग असतो.

दोन्ही पद्धती परस्परपूरक आहेत. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे त्यात आढळले. त्रास किती व्यापक आहे हे या आकड्याने जगापुढे आणले. परंतु इतक्या स्त्रिया तो त्रास मुकाट्याने का सोसतात, त्याला कोणती नावे देतात, तो कोणाला सांगतात आणि कोणापासून लपवतात, या प्रश्नांची उत्तरे तपासणीच्या टेबलावर मिळत नाहीत. त्यासाठी स्त्रियांशी दीर्घकाळ बोलावे लागते. डॉ. राणी बंग यांचे ‘कानोसा’ हे पुस्तक अशाच ऐकण्यातून घडले आहे.

या पद्धतीची मूलतत्त्वे पुढीलप्रमाणे सांगता येतात :

१. अभ्यास शक्यतो सहभागींच्या नेहमीच्या परिसरात करावा.
२. सहभागी व्यक्ती स्वतःच्या जगण्याची जाणकार आहे, असे मानावे.
३. कोणत्याही विधानाचा अर्थ त्याच्या संदर्भासह लावावा; संदर्भ तोडला की अर्थ बदलतो.
४. संशोधक स्वतःच माहिती गोळा करण्याचे साधन असल्यामुळे त्याची जात, वर्ग, लिंग, वय, भाषा व पूर्वग्रह यांचा माहितीवर होणारा परिणाम तपासावा.
५. निष्कर्षाला प्रतिकूल ठरणारे पुरावे मुद्दाम शोधावेत.

पार्श्वभूमी

क्षेत्रकार्यावर आधारलेल्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ सांगताना ब्रॉनिस्लाव मॅलिनोवस्की यांचा उल्लेख नेहमी होतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी ट्रोब्रियंड बेटांवर लोकांमध्ये राहून, त्यांची भाषा शिकून अभ्यास केला. त्यावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९२२ मध्ये आला. त्यांच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये त्यांची खासगी रोजनिशी प्रकाशित झाली, तेव्हा तीत त्याच लोकांविषयी तुच्छतेचे उद्गार आढळले. संशोधक तटस्थ असतो या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. त्याच वर्षी बार्नी ग्लेझर व अँसेल्म स्ट्रॉस यांनी माहितीतूनच सिद्धांत उभा करण्याची पद्धत मांडली. १९७३ मध्ये क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी कृतीबरोबर तिचा सांस्कृतिक अर्थही टिपणाऱ्या सघन वर्णनाचा पुरस्कार केला.

भारतात एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूर भागातील एका गावाचा अभ्यास केला. पुढे अमेरिकेत असताना १९७० मध्ये लागलेल्या आगीत त्यांच्या प्रक्रिया केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ मुख्यतः स्मरणाच्या आधारे लिहिला गेला. टिपणांच्या सर्व प्रती एकाच जागी ठेवू नयेत, हा धडा आजही या उदाहरणावरून दिला जातो.

मराठी प्रदेशातही अशा अभ्यासांची परंपरा आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीसह खेड्याच्या व्यवस्थेचे जवळून केलेले वर्णन आहे. इरावती कर्वे यांनी पंढरपूरच्या वारीत स्वतः चालून वारीविषयी लिहिले. एकाच दिंडीत चालणाऱ्या ब्राह्मण व मराठा मंडळींच्या पंगती वेगळ्या असल्याचे त्यांनी नोंदवले. भजनात एक असलेली माणसे जेवताना वेगळी बसतात, ही गोष्ट बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येणे कठीण होते. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी केलेला कोयना धरणग्रस्तांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठवाड्यात प्रभाकर मांडे यांनी लोककला व भटक्या समाजांच्या जीवनाचा, तसेच सांकेतिक भाषांचा अभ्यास केला. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथाने आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखतींतून, लिखित इतिहासात न आलेला सहभाग नोंदवला.

ही नावे केवळ मानवशास्त्रज्ञांची नाहीत, हेही लक्षणीय आहे. त्यांत शासकीय सेवेतील अधिकारी आहे, डॉक्टर आहेत, लेखिका व कार्यकर्त्याही आहेत.

उदाहरणादाखल अभ्यास : चारठाणा

चारठाणा हे परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील गाव आहे. प्राचीन मंदिरे, बारव, कोरीव स्तंभ आणि परिसरातील शिल्पावशेष यांसाठी ते ओळखले जाते. हे अवशेष वस्तीच्या सान्निध्यात असल्याने तेथील वारसा हा गावाच्या दैनंदिन जीवनाचाही विषय आहे.

एखाद्या संशोधकाला असा प्रश्न पडला असे मानू : ‘या वास्तू व शिल्पांशी गावातील निरनिराळ्या लोकांचे नाते कसे आहे, आणि त्यांच्या जतनाची जबाबदारी कोणाची आहे असे त्यांना वाटते?’ मंदिरांची संख्या, कालखंड किंवा शिल्पशैली यांची नोंद पुरातत्त्वज्ञ करतील. लोकांच्या नात्याचा शोध मात्र गुणात्मक पद्धतीनेच घेता येईल. पुढील विभागांत याच प्रश्नाच्या आधाराने तत्त्वे स्पष्ट केली आहेत. त्यांतील प्रसंग कल्पित असून ते गावात घडल्याचे येथे सुचवलेले नाही.

नमुना निवड

संख्यात्मक संशोधनात नमुना लोकसंख्येचे प्रतिनिधित्व करणारा असावा लागतो, म्हणून तो शक्यतो यादृच्छिक पद्धतीने निवडतात. गुणात्मक संशोधनात ज्यांच्याकडून प्रश्नाविषयी सखोल माहिती मिळेल अशी माणसे विचारपूर्वक निवडली जातात. मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून काढलेल्या वीस नावांत मंदिरालगत राहणारे एकही कुटुंब नसण्याची शक्यता आहे. तसे झाल्यास वरील प्रश्नासाठी तो नमुना निरुपयोगी ठरेल.

नमुना निवडीचे प्रमुख प्रकार असे :

सहेतुक नमुना : प्रश्नाशी असलेला संबंध पाहून व्यक्ती निवडणे. येथे पुजारी, मंदिराला भिंत लागून असलेल्या घरांतील रहिवासी, ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांचा समावेश होईल.

कमाल विविधतेचा नमुना : परस्परांहून शक्य तितके भिन्न अनुभव असलेल्या व्यक्ती निवडणे. नळ येण्यापूर्वी बारवेचे पाणी भरलेल्या वृद्ध स्त्रिया, ज्यांच्या पूर्वजांना अशा पाणवठ्यांवर मज्जाव असे त्या समाजांतील कुटुंबे, अन्य धर्मीय शेजारी, दगडकाम जाणणारे कारागीर, गाव सोडून शहरात गेलेले तरुण हे सर्व एकाच बारवेविषयी वेगवेगळे बोलतील. वारसा या शब्दाचा अर्थ सर्वांना सारखाच असतो, हे गृहीतक अशा नमुन्यामुळे तपासले जाते.

साखळी अथवा स्नोबॉल नमुना : एका सहभागीने दुसऱ्याचे नाव सुचवणे. सहज न सापडणाऱ्या व्यक्तींपर्यंत पोहोचण्यासाठी तो उपयुक्त असतो. त्याचा धोका असा की सांगणारा बहुधा आपल्याच भावकीतील, आळीतील किंवा पक्षातील नावे सांगतो. म्हणून साखळीचा आरंभ गावाच्या एकाच टोकाकडून न करता तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणांहून करावा.

सैद्धांतिक नमुना : विश्लेषणातून पुढे आलेला विचार तपासण्यासाठी नवे सहभागी शोधणे. स्त्रियांना मंदिरापेक्षा बारव अधिक जवळची वाटते असे आरंभी दिसले, तर तसे न वाटणाऱ्या स्त्रिया मुद्दाम शोधाव्या लागतात.

सोयीचा नमुना : जो भेटेल त्याला विचारणे. हा सर्वांत दुबळा प्रकार होय. पारावर किंवा चहाच्या हॉटेलात दुपारी भेटणारी माणसे बहुधा पुरुष असतात आणि त्यांना बोलण्यासाठी वेळ असतो. त्यांच्या मताला गावाचे मत म्हणणे चुकीचे ठरते.

प्रवेशाचा मार्ग

गावात प्रवेश बहुधा सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक अथवा आशा कार्यकर्ती यांच्यामार्फत मिळतो. त्यांचे साहाय्य मोलाचे असते. परंतु त्यांनी दिलेल्या यादीचा अर्थही लावावा लागतो. यादीत कोण आहे यापेक्षा कोण नाही, हे पाहणे अधिक उद्बोधक असते. शिवाय सरपंचाने पाठवलेल्या पाहुण्याला नकार देणे सामान्य माणसाला जड जाते. त्यामुळे प्रवेशाचा मार्ग हा नमुन्याचा प्रश्न असतो, तसा संमतीचाही असतो.

काळाची निवड

नमुना व्यक्तींचा असतो, तसा काळाचाही असतो. मराठवाड्यातील ऊसतोड मजूर साधारणतः दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. या भागातील एखाद्या गावात डिसेंबरमध्ये गेलेल्या संशोधकाला अशा कुटुंबांतील केवळ म्हातारी माणसे, आणि कधी लहान मुले, भेटतील. त्याच्या अहवालातून हा सारा वर्ग नकळत गळून जाईल. पेरणी, वेचणी, लग्नसराई, जत्रा व निवडणूक यांचा विचारही वेळापत्रक आखताना करावा लागतो.

नमुन्याचा आकार

किती मुलाखती पुरेशा, याचे एकच उत्तर नाही. नव्या मुलाखतीतून नवा आशय मिळेनासा झाला की संपृक्तता आली असे म्हणतात. ग्रेग गेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६० मुलाखतींचे विश्लेषण केले. त्यांतील बहुतेक मूलभूत आशय पहिल्या १२ मुलाखतींतच आलेला आढळला. मात्र तो गट बराचसा एकजिनसी होता. १२ हा आकडा नियम म्हणून सर्वत्र लावणे योग्य नाही. चारठाण्याच्या उदाहरणात एका गटातील १२ पुरुषांकडून येणारी संपृक्तता ही त्या गटापुरतीच असेल. पाणी भरणाऱ्या स्त्रियांविषयी ती काहीच सांगणार नाही.

माहिती संकलन

मुलाखत : बहुधा अर्धसंरचित असते. विषयांची यादी हाताशी असते, पण क्रम व शब्द संभाषणानुसार ठरतात. ‘तुम्हाला वारशाचे महत्त्व वाटते का?’ या प्रश्नाला बहुतेक सगळे होकारार्थी उत्तर देतील आणि त्यातून काहीच कळणार नाही. ‘बारवेवर शेवटचं कधी गेला होतात? कशासाठी?’ या प्रश्नातून प्रसंग बाहेर येतो. संशोधकाने काका, मावशी, आजी अशी गावरीतीची संबोधने वापरली तर संकोच कमी होतो. मात्र अशा जवळिकीचा उपयोग नकार अवघड करण्यासाठी होऊ नये.

निरीक्षण : माणसे जे सांगतात आणि जे करतात त्यांत अंतर असू शकते. निरीक्षणात ते दिसते. टिपणे त्याच दिवशी लिहावीत. पाहिलेले, ऐकलेले आणि स्वतःला वाटलेले हे तीन भाग वेगळे ठेवावेत.

गटचर्चा : साधारण सहा ते दहा जणांच्या गटात मते एकमेकांवर कशी घासली जातात हे समजते. गट ठरवताना सत्तासंबंधांचा विचार हवा. सासू व सून, मालक व सालगडी एकाच गटात बसवले तर एकाचे बोलणे आणि दुसऱ्याचे मौन एवढेच हाती लागते. गटात बोललेले बाहेर जाणार नाही याची हमीही संशोधक देऊ शकत नाही. ही मर्यादा सर्वांना आधी सांगावी.

लिप्यंतर व बोली : ध्वनिमुद्रण लिहून काढताना सहभागीची बोली प्रमाणभाषेत ‘सुधारू’ नये. मराठवाड्यातील ‘करायलो’, ‘जायलो’ ही रूपे, किंवा निजामी राजवटीतील उर्दूचा वारसा सांगणारे शब्द काढून टाकले, तर बोलणाऱ्याचे वय, परिसर व सूर हे सारे पुसले जाते. दखनी उर्दू बोलणाऱ्या कुटुंबांशी त्यांच्या भाषेत बोलण्याची सोय असावी.

विश्लेषण

विश्लेषण संकलनाबरोबरच सुरू होते. लिप्यंतर पुनःपुन्हा वाचणे, अर्थपूर्ण अंशांना संकेत देणे, समान संकेतांचे गट करणे, त्यांतून सूत्रे शोधणे आणि ती मूळ बोलण्याशी पुन्हा ताडून पाहणे, असे टप्पे असतात. व्हर्जिनिया ब्राऊन व व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडलेली सूत्राधारित विश्लेषणाची रीत विशेष प्रचलित आहे.

समजा, अनेक सहभागींनी ‘देवाचा दगड घरात ठेवू नये’ असे म्हटले. आरंभी या विधानाला ‘श्रद्धा’ असा संकेत दिला जाईल. पुढे काही जण हेच वाक्य चौकशीच्या भीतीच्या संदर्भात, तर काही जण शेजाऱ्यांशी झालेल्या भांडणाच्या संदर्भात बोलत असल्याचे आढळले, तर एकाच वाक्याचे तीन अर्थ वेगळे करावे लागतील. विश्लेषणाचे कौशल्य अशा फरकांच्या जाणिवेत असते. संगणकीय प्रणाली संकेतांची व्यवस्था लावू शकते. अर्थाची जबाबदारी संशोधकाचीच राहते.

विश्वसनीयता

गुणात्मक निष्कर्षांची कसोटी म्हणून इव्हॉना लिंकन व एगॉन गुबा यांनी १९८५ मध्ये चार निकष विशद केले : विश्वासार्हता, अन्यत्र लागू पडण्याची शक्यता, सातत्य आणि पुराव्याने पुष्टी. त्यांच्या पूर्ततेसाठी पुढील उपाय योजतात :

• क्षेत्रात पुरेसा काळ घालवणे;
• मुलाखत, निरीक्षण व कागदपत्रे अशा अनेक मार्गांनी एकच गोष्ट पडताळणे;
• प्राथमिक निष्कर्ष सहभागींना सांगून त्यांचे म्हणणे घेणे;
• प्रतिकूल उदाहरणे अहवालात देणे;
• निर्णयांची नोंदवही ठेवणे.

एका गावाचे निष्कर्ष सर्व गावांना लागू होतात, असा दावा केला जात नाही. संदर्भाचे पुरेसे वर्णन दिले, तर आपल्या गावाला त्यांतील काय लागू पडते हे वाचक स्वतः ठरवू शकतो.

सहभागींविषयीची नैतिकता

नियमांची जडणघडण

दुसऱ्या महायुद्धातील अमानुष प्रयोगांच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहितेने स्वेच्छासंमतीचे तत्त्व मांडले. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात उपदंश झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांचे केवळ निरीक्षण करण्यात आले आणि पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते मिळू दिले नाही. हे प्रकरण उघड झाल्यानंतरच्या विचारमंथनातून १९७९ चा बेलमाँट अहवाल आला. व्यक्तीचा आदर, हितरक्षण आणि न्याय ही तीन तत्त्वे त्यात आहेत. त्यांतील न्यायाचे तत्त्व नमुना निवडीशी थेट जोडलेले आहे. संशोधनाचा भार एका दुबळ्या गटाने वाहावा आणि लाभ दुसऱ्याने घ्यावा, अशी निवड अन्याय्य ठरते.

भारतात मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने २००० मध्ये आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही सामाजिक व वर्तनविषयक संशोधनाचा स्वतंत्र विचार आहे.

माहितीपूर्ण संमती

संशोधन कोणाचे आहे, कशासाठी आहे, किती वेळ लागेल, ध्वनिमुद्रण कोठे राहील, कोण ऐकेल, संभाव्य त्रास कोणता, हे सहभागीच्या भाषेत सांगून मग मिळालेली संमतीच खरी मानली जाते. उत्तर टाळण्याचा आणि मध्येच थांबण्याचा अधिकारही स्पष्ट सांगावा.

संमतीचा कागद हा येथे स्वतंत्र प्रश्न आहे. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून जमीन गेल्याच्या आठवणी अनेक घरांत आहेत. अशा घरात छापील कागद पुढे करून सही मागणे म्हणजे विश्वासाऐवजी भय निर्माण करणे होय. त्यासाठी तोंडी संमती ध्वनिमुद्रित करणे किंवा त्रयस्थ साक्षीदारासमोर घेणे हे मार्ग उपलब्ध असतात. घरातील कर्त्या पुरुषाची परवानगी ही शिष्टाचार म्हणून घेता येईल. पण ती सुनेच्या स्वतःच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. अल्पवयीनांच्या बाबतीत पालकांची संमती आणि मुलाचा होकार दोन्ही आवश्यक असतात.

संमतीत चुकीची आशा मिसळलेली नसावी. शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशावरून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००५ मध्ये अहवाल सादर केला. नंतरही अनेकांनी अशा कुटुंबांच्या भेटी घेऊन अभ्यास केले. शासकीय मदतीसाठी ‘पात्र’ व ‘अपात्र’ असे प्रकरणांचे वर्गीकरण होत असल्याने, वही घेऊन आलेला माणूस सरकारचा असावा असे शोकग्रस्त कुटुंबाला वाटणे स्वाभाविक असते. तसे वाटले तर ते मदतीच्या आशेने बोलतात आणि पात्रतेला बाधा येईल असे काही सांगत नाहीत. आपण शासकीय नाही आणि मदत मिळवून देऊ शकत नाही, हे आरंभीच सांगितले नाही तर संमतीही खोटी ठरते आणि माहितीही.

गोपनीयता व अनामिकता

गोपनीयता म्हणजे कोणी काय सांगितले हे उघड न करणे. अनामिकता म्हणजे व्यक्ती ओळखू न येणे. नाव बदलले की अनामिकता साधते, हा गैरसमज आहे. ‘मंदिराशेजारी राहणारी, सैन्यात मुलगा असलेली विधवा शिक्षिका’ एवढ्या वर्णनावरून गावातील कोणीही तिला ओळखेल. अहवाल वाचणाऱ्या परगावच्या प्राध्यापकाला ती ओळखू येत नाही, याला महत्त्व नाही. तिला त्रास देऊ शकणारी माणसे गावातच असतात.

अमेरिकी मानवशास्त्रज्ञ नॅन्सी शेपर-ह्यूज यांनी आयर्लंडमधील एका खेड्यावर १९७९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. गावाचे नाव बदललेले होते. तरीही गावकऱ्यांनी स्वतःला ओळखले आणि ते दुखावले. १९९९ मध्ये त्या पुन्हा तेथे गेल्या तेव्हा त्यांना गाव सोडावे लागले. म्हणून लहान गावाच्या अभ्यासात तपशील वगळणे, एकत्र करणे किंवा काही गोष्टी मुळीच न छापणे हे पर्याय स्वीकारावे लागतात.

चारठाण्याच्या कल्पित उदाहरणात हा प्रश्न ठोस रूप घेतो. समजा, एका शेतकऱ्याने विश्वासाने सांगितले, की नांगरताना सापडलेली मूर्ती त्याने घरी ठेवली आहे. १८७८ चा निखात निधी कायदा आणि १९७२ चा पुरावस्तू कायदा यांमुळे अशी गोष्ट कायदेशीर चौकशीचा विषय होऊ शकते. जागा उघड झाली तर चोरीचाही धोका संभवतो. वकिलाला आपल्या अशिलाच्या बाबतीत असते तसे कायद्याचे संरक्षण संशोधकाच्या वहीला भारतात नाही. त्याचप्रमाणे केंद्र-संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर क्षेत्र बांधकामासाठी प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटर नियंत्रित असते. एखादी वास्तू अशा संरक्षणाखाली आली, तर ‘आमच्या भिंतीत जुने कोरीव दगड आहेत’ हे विधान अहवालात येताच त्या कुटुंबाच्या घरदुरुस्तीचा प्रश्न उभा राहू शकतो.

अशा वेळी पुढील काळजी घेतली जाते. कायदेशीर परिणाम संभवणारी माहिती देण्यापूर्वीच सहभागीला तशी कल्पना दिली जाते. अभ्यासाला आवश्यक नसलेली माहिती विचारली जात नाही आणि नोंदवलीही जात नाही. घराचे छायाचित्र, नकाशावरील स्थान व नाव एकत्र ठेवले जात नाहीत. या सगळ्याचा निर्णय क्षेत्रात जाण्यापूर्वी, नमुना ठरवतानाच करावा लागतो. कारण ‘घरात शिल्प असलेली कुटुंबे’ असा गट निवडला की त्यातील प्रत्येक व्यक्ती त्या निवडीनेच ओळखू येऊ लागते.

गोपनीयतेच्या वचनालाही मर्यादा असतात. बालकांच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती कळवणे २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार बंधनकारक आहे. असा विषय निघण्याची शक्यता असेल, तर ही मर्यादा संमती घेतानाच सांगितली जाते.

नाव राखण्याचा अधिकार

नाव लपवणे नेहमीच सहभागीच्या हिताचे असते असे नाही. गी पॉइटवँ व हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या जात्यावरील ओव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. परभणी जिल्ह्यातील ताडकळस हे त्या गावांपैकी एक. या संग्रहात ओवीबरोबर गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव जपलेले आहे. तेथे ‘एक ग्रामीण स्त्री’ असे लिहिणे म्हणजे तिची निर्मिती तिच्याकडून काढून घेणे झाले असते. ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथाचे तर प्रयोजनच विस्मृतीत गेलेली नावे पुढे आणणे हे होते. म्हणून नाव द्यावे की झाकावे, हा निर्णय संशोधकाने एकट्याने घेऊ नये. तो सहभागीला परिणाम समजावून सांगून तिला विचारून घ्यावा. एकाच व्यक्तीने ओवीसाठी नाव द्यावे आणि घरातील भांडणाविषयी सांगितलेल्या गोष्टीसाठी देऊ नये, असेही होऊ शकते.

परतफेड आणि माहितीची मालकी

सहभागीचा बुडालेला रोज भरून देणे न्याय्य असते; मात्र रक्कम इतकी मोठी नसावी की केवळ तिच्यासाठी माणूस अनिच्छेने बोलेल. अभ्यास संपल्यावर निष्कर्ष ग्रामसभेत, शाळेत किंवा बचत गटाच्या बैठकीत सोप्या मराठीत सांगणे, छायाचित्रांच्या व ध्वनिमुद्रणांच्या प्रती संबंधितांना देणे, हे संशोधकाचे कर्तव्य मानले जाते. ध्वनिफिती व लिप्यंतरे किती काळ ठेवायची आणि नंतर कोणाला द्यायची, हे आधी ठरलेले असावे.

मर्यादा व आक्षेप

गुणात्मक संशोधन व्यक्तिनिष्ठ आहे, त्याचे निष्कर्ष सर्वत्र लागू होत नाहीत आणि त्याला वेळ फार लागतो, असे आक्षेप घेतले जातात. पहिल्या आक्षेपावर निर्णयांची पारदर्शक नोंद हे उत्तर दिले जाते. दुसरा आक्षेप पद्धतीच्या उद्दिष्टाशी संबंधित आहे. व्याप्ती मोजायची असेल तर संख्यात्मक पद्धतच वापरावी लागते. तिसरा आक्षेप खरा आहे. दोन दिवसांच्या भेटीत गोळा केलेल्या दहा मुलाखतींना सखोल अभ्यास म्हणणे हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गैरवापर आहे.

याखेरीज एक मर्यादा पद्धतीच्या मुळाशीच आहे. गुणात्मक संशोधन माणसांच्या विश्वासावर चालते, आणि मिळालेला विश्वास त्याच गावात पुढे येणाऱ्या प्रत्येक संशोधकाच्या वाट्याला येतो किंवा येत नाही. एका अभ्यासात दुखावलेले गाव दुसऱ्या अभ्यासाला दार उघडत नाही. त्यामुळे सहभागींचे हित जपणे हे परवानगी मिळवण्यापुरते औपचारिक बंधन ठरत नाही. माहिती खरी असण्याची आणि पुढेही मिळत राहण्याची ती अट आहे.